पट्ट्याला आणखी एक भोक

आमच्या घराखाली, जिन्याच्या पोटात, एक दुकान आहे. आत उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून मालक कायम बसलेले. चामड्याच्या बॅगा, पाकिटं, पट्टे असलं सगळं ते दुरुस्त करतात. त्यांची भाची लहानपणापासून त्यांच्याकडे वाढली. ती मामा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली मामा म्हणते. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर पोस्टमन वयानं त्यांच्या काकाच्या जागी, पण तेही मामाच म्हणतात.

मामांची खरी ख्याती दुरुस्तीपेक्षा बोलण्याची. कमरेचा पट्टा घेऊन कुणी आलं, की मामा आधी पट्ट्याकडे बघत, मग पोटाकडे, मग पुन्हा पट्ट्याकडे, आणि तेही अशा नजरेनं की दोघांपैकी कीव फक्त पट्ट्याची येते आहे हे कळावं.

"आणखी एक भोक? पाडतो की. माझं काय जातंय! पण साहेब, हा पट्टा बिचारा किती दिवस तुमच्या मागे धावणार?"

मी गेलो तेव्हा म्हणाले, "लेखक ना तुम्ही? बसून बसून कल्पना वाढतात असं ऐकलं होतं. इथं भलतंच वाढलंय."

पण राग कुणालाच येत नसे. समोरचा बेकरीवाला तर नवा पट्टा घेतला तरी भोक पाडायला मामांकडेच यायचा. म्हणायचा, "बायको रोज बोलते, पण मामांसारखं जमत नाही तिला."

तर अशा या माणसाकडे भाचीचा कुत्रा राहायला आला.

भाची शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात हरवलेली माणसं शोधणाऱ्या पथकात जाते. बाण तिचा जोडीदार. पॉइंटर जातीचा, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, छाती खोल आणि पोट पाठीला लागलेलं. शिकाऱ्यांबरोबर दिवसदिवस रान तुडवण्यासाठी तयार झालेली ही जात. गल्लीत बसलेला असला तरी आता सुटतोय की मग सुटतोय असं वाटायचं. त्याच्या छातीभोवतीचा पट्टा मामांनी स्वतः शिवलेला. भक्कम कातडं, पितळी बक्कल, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

एका शोधमोहिमेत भाचीचा पाय घसरला आणि हाड मोडलं. प्लास्टर घालून ती आईकडे परगावी गेली, आणि बाण मामांकडे आला. जाताना तिनं गाडीच्या खिडकीतून बजावलं, "मामा, नीट ऐक. खाणं कामाएवढं. डोंगरात धावतो तेव्हा तो पातेलंभर खातो. तुझ्याकडे नुसता गल्लीत फिरणार, म्हणजे निम्मंच द्यायचं. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही. बरगड्यांवर हात फिरवून बघायचं. हाताला लागल्या पाहिजेत."

"मला शिकवतेस? अख्ख्या गल्लीची पोटं मी ताब्यात ठेवतो."

"गल्लीला तू जेवायला घालत नाहीस, मामा."

मामा हसले. मीही हसलो. ती मात्र हसत नव्हती.

आल्या दिवशी बाण जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाराच्या फटीला नाक लावून पडून राहिला. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरीनं एक जीव विश्वासानं सोपवला, आणि तो माझ्या दारात उपाशी!" असं म्हणत ते येरझाऱ्या घालत होते, आणि त्या दुकानात येरझाऱ्या घालणं म्हणजे दर फेरीला डोकं आपटणं. शेवटी त्यांनी अंडं उकडलं, कुस्करून तळहातावर घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. बराच वेळ हात तसाच. मग बाणानं मान वळवली, हुंगलं, आणि गरम जिभेनं तळहात स्वच्छ केला.

तो घास गेला आणि आमचे मामा गेले ते गेलेच.

आजवर मामांच्या हातचं आवडीनं कुणी खाल्लं नव्हतं. एकटा माणूस, शिजवायचं, गिळायचं, भांडं विसळायचं. भाचीसुद्धा मोठी झाल्यापासून मापात खाणारी. आणि इथं समोर असा जीव, की ज्याला मामांचा करपलेला भातही मेजवानी! पातेलं निम्म्याचं पाऊण झालं, पाऊणचं पूर्ण झालं. वर सकाळी लोणी लावलेला पाव. दुपारी बिस्किटं. कोंबडीचे उकडलेले तुकडे मामांच्या डाव्या खिशात कायमचे मुक्कामाला आले. फिरणं मात्र कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत आणि परत. म्हणजे खाणं धावणाऱ्याचं आणि काम दुकानदाराचं. त्याचं काय होतं हे मामांइतकं कुणाला ठाऊक होतं? सगळी हयात त्यांनी त्यावरच तर टोमणे मारले होते.

बक्कल लागेना तेव्हा मामांनी पट्ट्याला एक भोक पाडलं. "कातडं आक्रसलं असेल हवेनं," ते मला म्हणाले. मी मान डोलावली. काही दिवसांनी दुसरं. "केस वाढलेत त्याचे." पॉइंटरचे केस इतके आखूड, की माझ्या टकलावर त्याहून जास्त निघतील. तिसऱ्या भोकाच्या वेळी त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. आतून हातोडीचा ठोका ऐकू आला. बाहेर बेकरीवाला आपला पट्टा घेऊन उभा होता. दार उघडल्यावर त्यानं बाणाकडे बघितलं, मामांकडे बघितलं. "आणखी एक भोक का?" एवढंच म्हणाला. मामांनी तोंडातला मेणाचा दोरा काढला नाही.

भाचीचा फोन यायचा.

"कसा आहे?"

"आहे तस्सा!"

"बरगड्या लागतात ना हाताला?"

"लागतात की."

लागत होत्या, मात्र मामांना बोटं चांगली रुतवावी लागत. ती फोटो मागायची, तर मामा नुसत्या तोंडाचा पाठवायचे. पुढे पुढे तोंडाचाही बाजूनं घ्यायला लागले. एकदा मला म्हणाले, "तुम्ही काढा हो, तुम्हाला सजवून सांगायची सवय आहे."

थंडी संपता संपता भाची आली. पायाचा व्यायाम करून करून तिनं स्वतःला पुन्हा उभं केलं होतं. पथकाची चाचणी जवळ आली होती. तिला आणि बाणाला बरोबरच द्यायची होती. दुकानाच्या दारात तिनं हाक मारली. बाण धावत आला. म्हणजे निघाला धावतच, पोचला चालत. तिच्या पायाशी येऊन आडवा झाला आणि धापा टाकत शेपटी आपटत राहिला.

ती खाली बसली. हात फिरवला. बरगड्या सापडेनात. मग बक्कल काढून पट्टा उजेडात धरला. जुन्या भोकांच्या पुढे नवी भोकं, एका ओळीत, सारख्या अंतरावर, प्रत्येकाच्या कडेला रंग लावलेला. लपवायच्या कामातही मामांचा हात सफाईनं चालला होता. असली भोकं आमच्या भागात दुसरं कुणी पाडत नाही.

"मामा, आहे तस्सा?"

मामांनी हातातलं पाकीट उलटंसुलटं केलं. "हाड जड आहे त्याचं," म्हणाले. म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण बेकरीवाल्यानं हेच वाक्य पूर्वी म्हटलं होतं आणि मामा त्यावर आठवडाभर हसले होते.

चाचणीला भाचीनं बाणाला नेलंच. पुढची तारीख लांब होती आणि तिला आशा होती. मामा आणि मी मैदानाच्या कडेला दोरीपाशी उभे राहिलो. झाडीत एक माणूस लपवलेला होता, त्याला हुडकायचं. इशारा झाला. बाण निघाला. नाक वर, पाऊल उचललेलं, क्षणभर जुना बाण दिसला. मग चढ लागला. निम्म्यात तो थांबला. जीभ लोंबत होती. त्यानं वाऱ्यावर एकदा हुंगलं, वळला, आणि सगळं मैदान ओलांडून, परीक्षकांच्या समोरून, दोरीखालून वाकून सरळ मामांच्या डाव्या खिशात नाक घातलं.

लोक हसले. मुख्य परीक्षक बाई मिशीतल्या मिशीत हसाव्यात तशा, मिशी नसतानाही, हसल्या. "शोध लावला खरा. पण हे गृहस्थ हरवलेले नव्हते."

भाची लांब तिथंच उभी होती. तिची मान खाली गेली होती. आणि मामा! चारचौघांत दुसऱ्याच्या पोटावर बोलताना ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, ते गृहस्थ खिशावर हात दाबून उभे, हाताखाली कुत्र्याचं नाक, कानाच्या पाळ्या लालभडक.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "त्याला नापास लिहू नका. मला लिहा. पोरीनं बजावून ठेवलं होतं. मी तिला खोटं सांगत राहिलो."

"लिहायचं कुत्र्याचंच असतं हो," बाई म्हणाल्या, पण हसू गेलं होतं. "पुढच्या खेपेला या."

परतल्यावर गाडीतून उतरताना भाची म्हणाली, "खायला घातलंस त्याचा राग नाही, मामा. मी तिकडे प्लास्टरमध्ये पडून रोज तुझ्या 'आहे तस्सा'वर भिस्त ठेवून होते."

तिनं बाणाला आपल्याकडे नेलं.

दुकान उघडं राहिलं, पण शांत. बेकरीवाला पट्टा घेऊन आला. मामांनी भोक पाडलं, कड घासली, पट्टा हातात दिला. तो घुटमळला. "मामा, काहीच बोलला नाहीत?"

"बोलायला तोंड कुठंय मला?"

बेकरीवाला इतका हिरमुसला की जाताना मला म्हणाला, "तुम्ही तरी बोला काही." मी प्रयत्न केला; जमलं नाही.

मामा रोज पहाटे भाचीच्या घरासमोर उभे राहायचे. आत जायचे नाहीत. ती बाणाला घेऊन पळायला निघाली, की समोरच्या फुटपाथवरून चालायला लागायचे. वारा त्याच्याकडून आपल्याकडे येतोय ना, हे आधी बघून. खिसे रिकामे, शर्ट धुतलेला, हात साबणानं घासलेले. बाणाबरोबर मामांचंही वजन उतरत चाललं. स्वतःच्या पट्ट्याला त्यांनी आतल्या बाजूला भोक पाडलं, ते मी पाहिलं.

पुढच्या चाचणीत बाणानं झाडीतला माणूस काढला. मामा मैदानावर आले नव्हते. रस्त्याच्या पलीकडे बसथांब्यावर बसून होते, आणि मी फोनवर सांगितलं तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात भाची दुकानात आली. तिला शाळेच्या सहलीबरोबर जायचं होतं. बरोबर बाण होता, पट्टा पूर्वीच्या भोकावर, आणि नव्या भोकांचं टोक बक्कलाबाहेर लोंबत होतं. मामा म्हणाले, "दे, कापून टाकतो."

"राहू दे तसंच. मामा, आठ दिवस ठेवशील याला?"

मामा एकदम उठले. डोकं जिन्याला आपटलं. "माझ्याकडे?"

"दुसरं कोण आहे मला इथं?" तिनं मापाचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सकाळी एक, संध्याकाळी एक. मी फोन करीन. खरं सांगशील?"

मामांनी डबा जवळ ओढला आणि मान डोलावली.

ती गेल्यावर थोड्या वेळानं माझं दार वाजलं. दारात मामा. मागे बाण, त्यांच्या डाव्या खिशाकडे टक लावून. मामांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उघडून बघतो तर भोक पाडायचा पंच.

"आठ दिवस तुमच्याकडे असू दे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कुलपात ठेवा. मी मागायला आलो तर द्यायचा नाही. काही कारण सांगितलं तरी. कातडं आक्रसलं म्हटलं तरी."

पंच माझ्या कपाटात आहे. बेकरीवाला दोनदा येऊन गेला. पँट धरून चालतोय सध्या.