पूर्ण विश्रांतीचा दाखला

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाचे कार्यवाह फोनवर म्हणाले, "डॉक्टर, बँकेत सुट्टी मिळत नाहीये. तीन दिवसांचा दाखला द्या की." मी त्यांना न बघताच लिहून दिलं: ताप, पूर्ण विश्रांती. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत ते लेझीम खेळत होते आणि शेजारी ढोल बडवत होतो मी. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवरून त्यांच्या मॅनेजरपर्यंत पोचला.

महिन्याभरात डॉक्टरांच्या परिषदेची नोटीस आली: खोट्या दाखल्याबद्दल तुमची नोंदणी सहा महिने का रोखू नये? त्यानंतर शहरातल्या सोडाला भागातल्या माझ्या दवाखान्यात मी साध्या सर्दीवाल्याचीही छाती दोनदा तपासू लागलो. एक आजोबा घाबरून म्हणाले, "डॉक्टर साहब, मतलब, कुछ ज्यादा है क्या?" त्यांना काही नव्हतं. तरी मी तिसऱ्यांदा स्टेथोस्कोप लावला.

सुनावणीला तो फोटो टेबलावर होता. अध्यक्षांनी विचारलं, "इसमें आप कौन हैं?"

"ढोलवाला," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दवाखान्याची पाटी उतरवायला शिडी कोणाकडून आणायची, हाही विचार माझा करून झाला. शेवटी लेखी ताकीद देऊन सोडलं.

घरी येऊन बायकोला कागद दाखवला. म्हटलं, "यापुढे तपासल्याशिवाय कोणाला काही लिहून देणार नाही."

"मग आज माझा गुडघा बघा," ती म्हणाली. "चार वर्षं दारातूनच गोळ्या सांगताय."