नाताळपर्यंत लांबवलेली दिवाळी

त्या वर्षी मी दिवाळी केलीच नाही. पुढे ढकलली. ऑफिसात साहेब मीटिंग पुढे ढकलतात तशी, सरळ नाताळच्या सुट्टीवर. माझी आठ वर्षांची मुलगी तिच्या आईबरोबर मनमाडला होती, मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आणि दिवाळीत ती नाशिकला आली नव्हती. मग कोणासाठी करायची?

बायको जूनमध्ये गेली. का गेली हे सांगायला अजून जड जातं, पण सांगतो. मी रागीट माणूस. कारखान्यातला राग घरी आणायचा आणि घरचा कारखान्यात न्यायचा, असा माझा कारभार. एका दुपारी मेहुणा जेवायला आला होता. माझ्या रखडलेल्या बढतीवरून तो काहीतरी बोलला, आणि मी समोरचं भरलं ताट उचलून भिंतीवर भिरकावलं. मुलगी शेजारीच जेवत होती. आमटी तिच्या शाळेच्या फ्रॉकवर उडाली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती ताटाकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी दोघी मेहुण्याबरोबर गेल्या. जाताना मी दारातून ओरडलो, की मी काही त्या क्वार्टरची पायरी चढणार नाही. आणि सहा महिने तो शब्द पाळला. जसं काही कोणी त्याबद्दल माझा सत्कार करून शाल देणार होतं.

नोव्हेंबरात बायकोचं पत्र आलं. चार ओळींचं. 'नाताळची सुट्टी आठ दिवस आहे. तिला यावंसं वाटलं तर पाठवते.' त्यातलं 'पाठवते' एवढंच मी वाचलं. डोक्यात तेवढंच राहिलं.

आणि मी कामाला लागलो. ती येईल या आशेनं दिवाळीत आणलेला लाल कागदाचा आकाशकंदील, चांदणीच्या आकाराचा, दाराबाहेर टांगलेला होता, तो तसाच राहू दिला. रोज संध्याकाळी ओझरच्या कारखान्यातून आलो की आधी त्याचा दिवा लावायचो, मग बूट काढायचो. तेव्हाच आणलेल्या फुलबाज्या जपून ठेवल्या. गल्लीच्या टोकाला एक बाई ऑर्डरप्रमाणे फराळ करून द्यायच्या, त्यांना चकल्या आणि बेसनाचे लाडू सांगितले.

"डिसेंबरात चकल्या?" त्या म्हणाल्या. "कोणाचं लग्न निघालंय का?"

"माझी मुलगी येणार आहे," मी म्हणालो. एवढं म्हणायलाही बरं वाटत होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात भाजीवाल्यालाही सांगितलं आणि कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही. त्याचा डोळा लागला होता.

मी तेव्हा शरणपूर भागात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. आमच्या आजूबाजूला ख्रिस्ती कुटुंबं बरीच. डिसेंबर अर्धा उलटला की एकेका दारावर कागदाच्या चांदण्या लागत. बेकरीपुढे केकसाठी रांग, पोरांच्या शेकोट्या, चर्चमधून ऐकू येणारी गाण्यांची तालीम. नाशिकची ती थंडी, सकाळी तोंडातून वाफ निघते अशी. मी उगाच लांबच्या रस्त्यानं घरी यायचो, कारण त्या रस्त्यावर माणसांचा आवाज जास्त होता. खिडक्यांच्या आत बायका करंज्या भरत बसलेल्या दिसायच्या. मला त्यांचा राग यायचा, खरं सांगतो. एवढ्या माणसांची या लोकांना काय गरज, असं वाटायचं.

बावीस तारखेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास दारापुढे बरेच पाय वाजले. मला वाटलं, आली. सुट्टी चोवीसला लागणार होती, पण दोन दिवस आधीच आली. मेहुण्यानं आणून सोडली. मी हातातली कपबशी तशीच ओट्यावर टाकून दार उघडलं.

बाहेर चौदा-पंधरा माणसं. मफलर, कानटोप्या, एकाच्या गळ्यात ढोलकी, एका बाईच्या हातात टाळ, एक तरुण गिटार घेऊन. मी काही बोलायच्या आत त्यांनी गायला सुरुवात केली. मराठी गाणं, अगदी भजनाच्या चालीचं, बाळाच्या जन्माचं. दारातच उभा राहून मी ऐकलं. माझ्या दाराशी येऊन माझ्यासाठी कोणी गायलं, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. दुसऱ्या गाण्याला त्यातल्या एका आजींनी मला टाळ्या वाजवायची खूण केली आणि मी वाजवल्या. मला मजा येत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

गाणी संपल्यावर पुढे उभे असलेले म्हातारे गृहस्थ, कोट आणि वर शाल, मला त्यांच्या पद्धतीनं म्हणाले, "सलाम. तुम्ही नवीन आलात का इथे? प्रार्थना करून पुढे जातो आम्ही. कोणासाठी करू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण ते इतकं सहज विचारत होते, आणि तसं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "माझी मुलगी मनमाडला आहे. ती घरी यावी, म्हणून करा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी दोनच वाक्यं म्हटली. या भावाची लेक सुखरूप घरी येऊ दे, आणि या घरात शांती असू दे. दुसरं वाक्य ऐकलं आणि मी तिथेच सांगून टाकलं, "काका, मी तुमच्यातला नाही हो. हा कंदील दिवाळीचा आहे."

टाळवाल्या बाईला हसू फुटलं आणि सगळेच हसायला लागले. म्हातारेबुवा कंदिलाकडे बघत राहिले. "दिवाळी होऊन किती दिवस झाले," ते म्हणाले. "आणि दारावर चांदणी असून यादीत तुमचं घर नाही म्हणून मी आत्ता रस्त्यात आमच्या सेक्रेटरीला झापलं. बिचारा." सेक्रेटरी म्हणजे तो गिटारवाला. त्यानं मला हात जोडले.

त्यांच्यात रीत अशी, की ज्या घरी गातात तिथे थोडं तोंड गोड करून निघायचं. ते निघायला लागले तसं मी त्यांना अडवलं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून मुलीसाठीचा फराळाचा डबा काढला. टाळवाल्या बाई म्हणाल्या, "अहो राहू द्या, लेकीला ठेवा." मी ऐकलं नाही. चकल्या, लाडू, सगळं फिरवलं. माझ्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं माणसं उभी राहून खात होती, आणि मी कप कमी पडले म्हणून वाटीत चहा ओतत होतो.

म्हातारेबुवा खुर्चीवर बसून लाडू खात होते. त्यांनी हळूच विचारलं, "ती का येत नाही?"

"तिची आई पाठवत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही का जात नाही?"

"त्या घराची पायरी चढणार नाही म्हणून सांगून बसलोय."

"कोणाला सांगितलंत?"

मला त्यांचा राग आला. माझे लाडू खाताय आणि मलाच शिकवताय, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. ते उठले, खांद्यावर हात ठेवला आणि मंडळी पुढच्या घरी गेली. ढोलकी कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. मग खोल्या होत्या त्याहून मोठ्या वाटायला लागल्या. मी वाट्या विसळत बसलो.

चोवीस तारखेला खालच्या मजल्यावरच्यांच्या फोनवर मनमाडहून फोन आला. बायकोचा आवाज सहा महिन्यांनी ऐकत होतो. ती म्हणाली, "ती नाही म्हणते."

"तू शिकवलंस तिला," मी म्हणालो. आवाज चढलाच. खालच्या वहिनींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"मी बॅग भरून दिली होती," बायको शांतपणे म्हणाली. "तिनं एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवला. पत्रात मी लिहिलं होतं तुम्हाला, तिला वाटलं तर. थांबा, तिलाच देते." मग फोनवर लहानसा श्वास ऐकू आला. मी हॅलो म्हणालो, दोनदा. श्वास होता, शब्द नव्हता. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मी वर आलो. सहा महिने मी बायकोला शिव्या घालत होतो, मेहुण्याला घालत होतो, रेल्वेलासुद्धा घातल्या. अडवलं कोणीच नव्हतं. माझी मुलगी मला घाबरत होती. एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यात शिरायला फोनवरचा तो श्वास लागला.

पंचवीस तारखेला सकाळी मी सीबीएस स्टँडवरून मनमाडची एसटी धरली. चर्चची घंटा वाजत होती, नवे कपडे घालून माणसं रस्त्यानं चालली होती, आणि मी हात हलवत निघालो होतो. चांदवडच्या घाटात बाहेर धुकं होतं. मेहुण्याला काय म्हणायचं याची मी वाटभर तयारी केली. मनमाडला उतरल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना.

क्वार्टरची पायरी एकच होती. चढलो. दार बंद होतं, कडी वाजवली. आतून चपलांचा लहानसा आवाज आला आणि दाराशी येऊन थांबला.

"कोण?"

"मी. पप्पा."

रुळांवर कुठेतरी डबे जोडत होते, त्याचा धडधडाट संपेपर्यंत मी उभा राहिलो. मग ती कडी न काढताच म्हणाली,

"पप्पा, तुम्ही भांडायला आलात का?"

नाही, मी म्हणालो. ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी ते इतक्या हळू म्हणालो, की तिनं कडी काढली.