मोजणीमास्तरांचा शेरा

माझ्या धोंडूमामावर अन्याय झाला तो १९८६ साली, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता. तो केला मला मायक्रोस्कोप शिकवणाऱ्या माणसाने. कारखान्यात त्यांना सगळे मोजणीमास्तर म्हणत.

अंधेरीच्या त्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी वळत. हवेत त्याचे तंतू किती, हे मोजायचं काम मास्तरांचं. छोट्या पंपाने हवा गाळणीच्या कागदातून ओढायची, कागद काचपट्टीवर पारदर्शक करायचा आणि भिंगाखाली एकेक तंतू मोजायचा. पार्ल्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी माझा मिटलेला डोळा बघून म्हणाले, "दोन्ही उघडे ठेव गं. नेम धरतेयस काय?" शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. एवढं मान्य करते. पुढचं करणार नाही.

मोजताना मास्तर कधी खोटं बोलले नाहीत. गरजच पडली नाही. पंप लावायचा दिवस मॅनेजरला आधीच कळे. त्या सकाळी जमिनीवर पाणी मारायचे आणि तंतू पिंजायचं मशीन 'दुरुस्तीला' बंद ठेवायचे. संपात गिरणीची नोकरी गेल्यावर मामा त्याच मशीनवर लागला होता. खोकत खोकत हसायचा, "आज हवेक न्हाऊक घातल्यानी गो!" मास्तरांना विचारलं, तर ते म्हणत, "पंप कधी लावायचा ते माझं खातं नाही. काचेखाली येईल ते मी मोजतो."

मामाला धाप लागू लागली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, बिड्या. भरपाई हवी तर मशीनजवळची हवा वाईट होती हे दाखवा. म्हणून त्या दिवशी, मशीन धडधडत असताना, मीच मामाच्या कॉलरला पंप लावला. दुपारी कागद काचपट्टीवर चढवून मास्तरांच्या भिंगाखाली ठेवला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग मला बघायला लावलं. तंतूवर तंतू, पिंजलेल्या कापसासारखे. मोकळी जागाच नाही.

"मास्तर, लिहा ना."

"काय लिहू? सुटे दिसले तर मोजीन. इतका भरलेला कागद बाद, असा नियम आहे."

"बाद? अहो, हे माणसाच्या छातीत जातंय!"

"मला छाती दिलेली नाही, पोरी. कागद दिलाय."

आणि वहीत लिहिलं, 'नमुना मोजण्यास अयोग्य.' खाली सही, सुवाच्य अक्षरात.

अर्जाला जोडायला उरले ते पाणी मारलेल्या दिवसांचे आकडे. अर्ज फेटाळला. मी नोकरी सोडली. शिमग्याच्या आत मामा गेला. आता मामी अपील लढतेय.

मास्तर निवृत्त होऊन नाहूरला राहतात. वहीचं ते पान द्या आणि कागद का बाद केला ते अपिलात सांगा, असं म्हणायला मी गेले, तर त्यांनी प्रेमाने चहा दिला. म्हणाले, "वही कंपनीची. मी सांगितलं तर उगाच माझी वाट लागेल." असली सज्जन माणसं कारखान्याला हवीच असतात!

त्या प्रयोगशाळेत आज कोणी असाल, तर ते पान बाहेर काढा. दुसऱ्या कुठल्या असाल, तर 'अयोग्य' या शब्दाखाली सही करण्याआधी भिंगात काय दिसलं ते लिहा. एक ओळ लागते. लिहा.