पितृपक्षातली डिलिव्हरी

बाळकुमला मोठ्या रस्त्याच्या कडेला आमचं शोरूम होतं. गाड्या परदेशी कंपनीच्या, जागा तिथल्याच एका जुन्या शेतकरी घराण्याची, आणि अक्कल कोणाचीच नाही. मी तिथे सहा वर्षं गाड्या विकल्या. खरं सांगायचं तर सहा वर्षं एसीत बसून गाड्या का विकल्या जात नाहीत याची कारणं लिहून दिली.

ही कारणं बँकॉकला जायची. आपल्याकडच्या देशांवर कंपनीने नेमलेला साहेब तिथे बसायचा. मूळचा युरोपातला, बोलायला गोड, आणि भारतात एकूण तीनदा येऊन गेलेला, तेही विमानतळाजवळच्या हॉटेलापर्यंत. महिन्यातून एकदा त्याचा व्हिडिओ कॉल असायचा आणि आम्ही सगळ्यांनी टाय लावून, ओढण्या सारख्या करून पडद्यासमोर बसायचं असायचं. तो जगाचा तक्ता दाखवायचा. प्रत्येक देशाचा एक रंगीत खांब. ब्राझीलचा खांब वरच्या टोकाला टेकलेला, तुर्कस्तानचा त्याच्या खालोखाल, थायलंडचा बरा. भारताचा खांब बघायला आमचा मॅनेजर चष्मा लावायचा. मग साहेब दर वेळी तोच प्रश्न करायचा. गाडी तीच, इंजिन तेच, तिकडे लोक रांगा लावतात, मग तुमच्याकडेच घोडं कुठे पेंड खातंय, अशा अर्थाचं काहीतरी तो इंग्रजीत म्हणायचा.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा तर विमानातून हाकत होता. एकदा त्याने एक प्रश्नावली पाठवली. आमची गाडी पाहून तुमच्या मनात कोणती भावना जागी होते, असा पहिला प्रश्न. पर्याय होते स्वातंत्र्य, साहस, शांतता आणि स्वतःचा शोध. कल्याणहून आलेल्या एका गृहस्थाने तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण एव्हरेज किती देते?"

गिऱ्हाइकाची बाजू घेते आहे असं समजू नका. ते तर साहेबाच्या वरताण. आमच्याकडे गाडी बघायला माणूस एकटा कधीच आला नाही. नवरा, बायको, दोन मुलं आणि गाडीतलं कळतं अशी ख्याती असलेला एक मेव्हणा. मेव्हणा आधी टायरला लाथ मारणार, मग बॉनेट उघडायला लावणार, आत डोकावून डॉक्टरसारखी मान हलवणार. मुलं मागच्या सीटवर उड्या मारून वेफर्स सांडणार. टेस्ट ड्राइव्ह घोडबंदर रोडने लांबवर, कारण पेट्रोल आमचं. आणि परत आल्यावर शेवटचा प्रश्न, "ही आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे आहे का?" नाही म्हटलं की संपलं. जी कोणाकडेच नाही ती गाडी घ्यायची छाती नाही, आणि जी सगळ्यांकडे आहे ती घेऊन वर आमची चॉइस बघा म्हणून पेढे वाटायचे. अशी माणसं साहेबाच्या तक्त्यात कुठल्या रंगाने दाखवणार?

एका वर्षी साहेबाला आणखी एक शोध लागला. भारताची विक्री दर वर्षी साधारण त्याच सुमाराला पंधरा दिवस झोपते आणि मग दसऱ्याला एकदम उठून बसते. त्याने विचारलं, हे काय आहे? मॅनेजरने पितृपक्ष समजावून सांगितला. या पंधरवड्यात आम्ही गेलेल्या माणसांना जेवू घालतो, नवीन वस्तू घरात आणत नाही. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग पूर्वजांना आवडेल अशी एखादी ऑफर काढा. मॅनेजरने ते वहीत लिहून घेतलं. शपथेवर सांगते, लिहून घेतलं.

शोरूमचे मालक मागच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. त्यांच्या वाडवडिलांनी त्याच जागेत भात लावला होता, त्यांनी टॉवर लावले. कॉल संपल्यावर ते म्हणाले, "त्या साहेबाला सांगा, या पंधरवड्यान आमचेकरं कावल्याला पान वारतान. गारी कोन नाय घेत." सहा वर्षांत त्या इमारतीत बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. अर्थात मालकांच्या स्वतःच्या दारात आमच्या कंपनीची एकही गाडी नव्हती, म्हणजे ते किती शहाणे होते हे वेगळं सांगायला नको.

पण साहेब हट्टाला पेटला. प्रत्येक शोरूमने त्या पंधरा दिवसांत निदान एक तरी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, शून्य दिसता कामा नये. मॅनेजरने आम्हाला उभं करून जाहीर केलं, "जो कोणी एक डिलिव्हरी काढेल, त्याला डिसेंबरमध्ये बँकॉकच्या मीटिंगला पाठवणार. स्टेजवर सत्कार." नोकरीबिकरीचं त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी वेगळंच सांगितलं.

आम्ही डोंबिवलीला मानपाड्याला राहायचो. बाबा तिथल्याच एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना गाडी घ्यायचीच होती, पण दसऱ्याला, आणि ती, जी बिल्डिंगमध्ये चौघांकडे होती. मी आमच्या गाडीचं नाव काढलं की म्हणायचे, "दिसायला चांगली आहे तुमची गाडी. पण उद्या बंद पडली तर मानपाड्यात तिला हात कोण लावणार?" मी त्यांना हसायचे. आमची गाडी जगभर खपते, अशी कंपनी काय रातोरात पळून जाणार आहे का, असं म्हणायचे. ब्राझीलचा खांब मी जेवणाच्या ताटावर हाताने उंची दाखवून समजावला होता.

तर त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "पंधरा दिवसांत एक गाडी गेली नाही तर दोघांना काढणार आहेत. त्यात मी असणार."

आई म्हणाली, "मग दुसरीकडे बघ. असल्या लोकांकडे राहायचंच कशाला?" बाबांनी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, तीर वाया गेला. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं का? नाही. वाया गेल्याचं वाटलं.

आजोबांची तिथी त्याच आठवड्यात होती. बाबांनी गच्चीवर जाऊन कावळ्याला पान ठेवलं, नेहमीसारखं तो शिवेपर्यंत उन्हात उभे राहिले. आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागदांची पिशवी घेऊन, एकटेच शोरूममध्ये आले. ना मेव्हणा, ना टायरला लाथ. एव्हरेजसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "पंधरवडा संपायच्या आत मिळेल ना?"

डिलिव्हरी सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी झाली. एरवी आमच्याकडे गाडीवर लाल मखमल टाकायची, ती मालक ओढणार, नारळ, चाकाखाली लिंबू, गुरुजी. गुरुजींनी फोनवरच सांगितलं, आम्ही या दिवसांत येत नाही. मॅनेजर म्हणाला मीच हळदीकुंकू लावतो. बाबा म्हणाले, "पूजा नको. पूजा केली की घेतल्यासारखं होईल. नुसती नेऊन लावतो, दसऱ्याला घेऊ." एवढा सरळ माणूस आणि देवाला फसवायला निघालेला. मला तेव्हा ते फार विनोदी वाटलं होतं. मॅनेजरने त्यांच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी दिली आणि फोटो काढून लगेच बँकॉकला पाठवला.

आई दसऱ्यापर्यंत त्या गाडीत बसली नाही. गाडी खाली उभी असायची आणि ती भाजीच्या पिशव्या घेऊन तिच्या बाजूने चालत जायची. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, तेव्हा कुठे पुढच्या सीटवर टेकली, तीही पदर आवरून, उठायच्या तयारीत.

डिसेंबरमध्ये मी बँकॉकला गेले. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे, सक्तीचं आहे. मोठं हॉटेल, मोठं स्टेज, आणि माझ्या मागे पडद्यावर बाबांचा तो फोटो. साहेब माइकवरून म्हणाला की या गृहस्थांनी आपल्या गाडीसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत बाजूला ठेवली, यालाच मार्केट बदलणं म्हणतात. टाळ्या पडल्या. फोटोत बाबा हसत नव्हते, चावी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी हसले, हात जोडले, काचेचा एक तुकडा बक्षीस घेतला. मग खाली उतरून पोटभर जेवले.

पुढच्या वर्षी साहेबाने पितृपक्षाचं टार्गेट दुप्पट केलं. दुसरा बाप कोणाकडेच नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी तक्त्यात भारताचा खांबच दिसेना. मॅनेजरने चष्मा लावून पाहिलं. शेवटी एक बारीक करडा खांब होता, त्याच्याखाली लिहिलं होतं, इतर देश. त्यानंतर तीन महिन्यांनी कंपनीने मेल पाठवली की जिथे आमची कदर आहे अशा देशांकडे आम्ही आता लक्ष देणार आहोत. साहेबाची बदली ब्राझीलला झाली, म्हणजे बढतीच. शोरूमच्या जागी टाइल्सचं दुकान आलं आणि मालकांचं भाडं वाढलं. मी ठाण्यातल्या एका विमा एजन्सीत लागले. तिथेही प्रश्नावली असते.

यंदा सोसायटीत पाण्याचा टँकर मागे घेताना बाबांच्या गाडीचा मागचा दिवा फुटला. एवढासा दिवा, पण कुठेच मिळेना. शेवटी कोणीतरी विठ्ठलवाडीचा एक गॅरेजवाला सांगितला, कसलेही पार्ट शोधून देतो म्हणे. रविवारी बाबा आणि मी गेलो. तो फुटका दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून मी हातात धरला होता.

गॅरेजवाल्याने दिवा पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "काका, कंपनी गेली, आता पार्ट कुठून आणू? बाहेरच्या देशातून मागवला तर गाडीपेक्षा भारी पडेल. ऐका माझं, भंगारात काढा. हिचा मोह सोडा."

बाबांना त्याचा राग आला नाही. उलट पोरगं काहीतरी विचारतंय आणि त्याला नीट सांगायला हवं, तसं ते म्हणाले, "मोह नाही रे. हिने माझ्या मुलीची नोकरी वाचवलीय. पितृपक्षात घेतलेली मी."

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "मग ताई, ती नोकरी आहे का अजून?"

"कंपनीच गेली ना," बाबाच म्हणाले. "पण होती तोवर तिला कोणी काढलं नाही."

त्याने दुसऱ्या कंपनीचा एक दिवा आणून लावून पाहिला. तो बसेना. मग लाल चिकटपट्टी लावून दिली आणि काही घेतलं नाही. मी तिथेच खरं सांगू शकले असते. वर्तमानपत्राची घडी करत उभी राहिले. बाबांनी गाडी चालू केली आणि आतून दार उघडून म्हणाले, "बस लवकर, उजेडात पोचू. मागचा दिवा नाहीये आपल्याला."