खुर्चीमागची जागा

मी निघालो त्या सकाळी बाबांना घरच्या सगळ्यांचा फोटो हवा होता. आमच्या गडब गावच्या नाक्यावर जीप उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि बाबा आम्हाला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभे करतायत. टायमर लावून ते स्वतः धावत येणार होते. आईच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. "पूस गो, फोटोत दिसतं," बाबा म्हणाले. धाकटा नरेश माझी बॅग खांद्यावर घेऊन फोटोत आला, ती खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही. मला जीपमध्ये बसवताना बाबांनी एवढंच सांगितलं, "जाशील थयं आधी उजेड बघ, मग उभा रहा."

मस्कतला उजेड भरपूर होता, त्याबद्दल तक्रार नाही.

बाबांचा पेणला स्टुडिओ होता. एक पडदा, दोन दिवे, मागे अंधारी खोली. लग्नसराईत ते रोह्यापर्यंत जायचे. पण खाडीकाठच्या गावांत त्यांना ओळखायचे ते वेगळ्या कामासाठी. घरात कुणी गेलं की उचलण्याआधी एक फोटो काढायची पद्धत होती. गेलेल्या माणसाला अंघोळ घालून अंगणात खुर्चीवर बसवायचं, हार घालायचा, मुलंबाळं भोवती. मीठवाल्यांकडून, शेतकऱ्यांकडून निरोप आला की बाबा जेवत्या ताटावरून उठायचे. कुणाचा मुलगा जहाजावर असायचा, कुणाचा आखातात. मग बाबा आधीच सांगायचे, कडेला जागा सोडा. पुढे स्टुडिओत त्या मुलाचा जुना फोटो ब्लेडने कापून तिथे चिकटवायचे, कडा ब्रशने बुजवायच्या आणि सगळ्याचा नवा फोटो काढायचा. मी शेजारी बसून हे शिकलो. एकदा मी हौसेने एकाला थेट मधे बसवला, छान दिसत होता. बाबांनी तो खरवडून काढला. "जो आला नाय तो कडंला. मधली जागा हजर व्हते त्यांची."

परदेशात गेलेल्यांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. आपण सगळेच कधी ना कधी कुणाच्या तरी फोटोत कडेला चिकटवलेले आहोत.

मस्कतमध्ये माझं बरं चाललं. आधी अत्तराच्या बाटल्यांचे फोटो, मग हॉटेलांचे, मग आपल्या लोकांची लग्नं. वाळवंटात प्रीवेडिंग, वर ड्रोन, नवरीची ओढणी उडवायला दोन माणसं. नरेश फोनवर सांगायचा की आता पेणची जोडपीही मिठागरांवर शूटला येतात आणि मीठ ओढणाऱ्या बायका काम थांबवून बघत बसतात. बाबांचा स्टुडिओ तोवर पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर आला होता. मी त्यांना डिजिटल कॅमेरा पाठवला. ते तो कपाटात ठेवायचे आणि कुणी पाहुणा आला की बाहेर काढून दाखवायचे.

ते दोन वर्षं आजारी होते. सगळं नरेशने केलं. कंपनीत शिफ्ट करून यायचा आणि त्यांना उचलून अंघोळ घालायचा. मी पैसे पाठवायचो आणि स्वतःला शहाणा समजायचो.

बाबा गेले त्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला. "दादा, थांबू का? तू संध्याकाळपर्यंत येशील का?" मुंबईचं विमान अडीच तासांचं. पण त्या दिवशी माझं आजवरचं सगळ्यात मोठं लग्न होतं. आमच्या तिथल्या फोटोग्राफरांचा ग्रुप आहे, अडीअडचणीला एकमेकांची कामं सांभाळतो. त्यातला एक केरळचा मित्र म्हणालाही, तू जा, मी करतो. मी नको म्हणालो. आणि नरेशला म्हणालो, तिकीट मिळत नाही, थांबू नका.

तिकीट मी बघितलंच नव्हतं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

पेण-रोह्याचे सगळे फोटोवाले त्या दिवशी दुकानं बंद ठेवून आले होते. मान राखायचा म्हणून एकानेही कॅमेरा आणला नव्हता. मग शेजारच्या पमीने नरेशच्या फोनवर तो फोटो काढला. खुर्चीत बाबा. बाजूला आई, तिच्या पलीकडे हातभर जागा. खुर्चीमागे नरेश, त्याचा तळवा बाबांच्या हनुवटीखाली, कारण मान राहत नव्हती. रात्री त्याने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, आई म्हणते कडेला तुझी जागा ठेवलीय, जोडून घे.

मी जोडला. कडेला ऊन फार होतं, माझा चेहरा तिथे वेगळा दिसत होता. म्हणून मी खुर्चीमागे गेलो आणि नरेशला उचलून कडेला ठेवला. हनुवटीखालचा हात डोळ्यांना खुपत होता, तो पुसला. बाबांची मान आता आपली आपण ताठ राहिली. खरंच सांगतो, तेव्हा मनात पाप नव्हतं. रोज हजार फोटोंत करतो तेच केलं. काम इतकं बेमालूम झालं की मला त्या रात्री पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून घरी पाठवली.

वर्षश्राद्धाला गेलो. फ्रेम ओटीवर, हार घातलेली. नरेश दोन दिवस माझ्याशी नीट वागला, जेवायला वाढलं, मी आणलेली भाड्याची गाडी धुतली. तिसऱ्या दिवशी फ्रेमची धूळ पुसता पुसता म्हणाला, "दादा, काम झ्याक केलंस. एकच सांग. बाबांची मान कोन धरून हाय?"

मी फोटोकडे बघितलं. हनुवटीखाली कुणाचाच हात नव्हता.

मूळ फोटो शोधायला लागलो. माझ्याकडची फाईल मी बदल करून तिच्यावरच सेव्ह केली होती. चॅट फोन बदलताना गेलं. नरेशचा फोन त्या पावसाळ्यात लावणीच्या वेळी शेतात पडून मेला होता. बाबांच्या काळी निगेटिव्ह तरी राहायची. मी म्हणालो, मी परत करतो, तुला परत मागे घेतो, पुसलेला हात परत आणतो. तो म्हणाला, "नको. आता जोडशील तो बी जोडलेलाच." चिडला असता तर बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दुपारी शेजारची काकी आली, पमीची आजी. फार थकली आहे, माणसं आणि दिवस तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. फोटोखाली बसली, माझा हात हातात घेतला. "बरा झाला बाबा तू आलास तवा. बापाचे मागं उभा व्हतास. मोठ्या पोरानं आसाच उभा र्‍हावाचा." आई माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला मी तोंड उघडलं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

नरेश दारात उभा राहून टॉवेलने हात पुसत होता. "व्हय काकी," तो म्हणाला, "दादा आला व्हता."

लोक मला विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं म्हणायचं? मी गडब सांगतो. तिथे माझा भाऊ राहतो, आणि मी तोंडावर पडू नये म्हणून स्वतःची जागा मला देऊन मोकळा झाला आहे.