उपग्रहाला न दिसलेला गरुड

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण आष्ट्याजवळच्या गरुडाचं प्रकरण अजून काल घडल्यासारखं आठवतं.

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू असतानाच वनखात्याचे अधिकारी आले. मंगोलियातून थंडीत आपल्याकडे उतरलेल्या एका गरुडाच्या पाठीवर अभ्यासकांनी छोटं यंत्र बसवलं होतं. उपग्रहामार्फत त्याचा प्रवास नकाशावर दिसायचा. आष्ट्याच्या शिवारात यंत्र अचानक बंद पडलं. शिकारीचा संशय होता.

उसाच्या फडात पिसं सापडली, रक्त नव्हतं. पक्षी जिवंत असेल तर त्याला मांस लागणार, म्हणून मी मटणाच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार जरा घुटमळला, मग म्हणाला, "साहेब, एक गिऱ्हाईक नवं लागलंय. गळ्यात तुळशीची माळ हाय, आन् रोज पावशेर मटण न्हेतंय."

त्या शेतकऱ्याला ठाण्यात बोलावलं. साठीचा, साधा माणूस. पाहुणे आलेत म्हणाला. कुठले, विचारल्यावर 'लांबचे' एवढंच म्हणाला. सराईत माणूस खोटं बोलताना डोळ्यांत बघतो. याची नजर फरशीवरून हलेना.

पंचांना घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं आपणहून गोठा उघडला. आत पंखाला फडकं बांधलेला भलामोठा गरुड बसला होता.

"आवं साहेब, आमी माळकरी," ती म्हणाली, "पण त्याला आमटी-भात कसा चालंल?"

यंत्र लोखंडी पेटीत, चिंधीत गुंडाळलेलं निघालं. मग शेतकरी बोलू लागला. मुलगा सैन्यात, सरहद्दीवर. फडात पंख मोडून पडलेल्या पक्ष्याच्या पाठीवर परदेशी अक्षरांचं यंत्र दिसलं. ते हेरगिरीचं निघालं तर पोराच्या नोकरीवर येईल, या धास्तीनं त्यानं पट्टा कापून ते लपवलं होतं.

"मग पक्षी तिथंच का नाही सोडलात?" मी विचारलं.

"तडफडत हुतं वो. टाकून कसं यायचं?"

पंचनामा केला, जबाब घेतला. शिकार झालेली नाही, असं वनाधिकाऱ्यांनी लेखी दिलं आणि प्रकरण मिटलं. उपचारानंतर गरुडाला नवं यंत्र बांधून सोडलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला वनाधिकाऱ्यांनी माझ्या मोबाइलवर नकाशा पाठवला. तो दाखवायला मी मुद्दाम त्या शेतकऱ्याकडे गेलो. हिमालयापार गेलेली रेघ तो बराच वेळ बघत राहिला.

"माझ्या पोराच्या डोक्यावरनं गेलं असंल का?"

मी व्हय म्हणालो.

तोवर कुणी खोटं बोललं, की हा काय लपवतोय एवढंच मी शोधायचो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, हा कुणाला जपतोय, हेही विचारत राहिलो.