मशीनचा वाटा

मावशीचा फोन आला तेव्हा मी टाइपरायटरवर एका पंपाचं कोटेशन बडवत होते. मुलुंडला आमचा छोटा कारखाना होता. जुने डिझेल पंप घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. त्यांच्या किमती कागदावर नीट मांडायचं काम माझ्याकडे होतं. मावशी मालाडला, मार्वेच्या खाडीजवळ राहायची. घरी फोन नव्हता. वाण्याच्या दुकानातून बोलत होती, म्हणून घाईत आणि मोठ्यानं.

"गो, मशीन इकूचा आसा. तू मशीनवाल्यांच्यात काम करतंस ना? रविवारी ये."

विकायचं मशीन म्हणजे काकांच्या बोटीचं इंजिन. मावशी मालवणची, काकाही तिकडचेच; लग्नानंतर इथे येऊन त्यांनी बोट घातली होती. मग काकांची पाठ कायमची धरली. बोट किनाऱ्यावर पडून कुजायला लागली तेव्हा ती मोडून लाकूड विकलं. इंजिन तेवढं अंगणात आणून ठेवलं होतं, ताडपत्री घालून, वर दगड ठेवून. घरातली माणसं त्याला वळसा घालून नळावर जात.

मी पोचले तेव्हा कुर्ल्याचा एक भंगारवाला अंगणात उकिडवा बसला होता. ताडपत्री बाजूला झाली होती. त्यानं इंजिनाच्या अंगावर दोनदा टिचकी मारली आणि वजनाचा अंदाज सांगितला. मग किलोचा भाव सांगितला. काका ओट्यावरून म्हणाले, "देऊन टाक. जागा तरी मोकळी होईल."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण आमच्या ऑफिसात रोज काय घडतं ते ठाऊक होतं. मी तिला आत नेलं आणि सांगितलं, "बंद पंप आला की आमचे शेठ वजनकाटा काढतात. चालू पंप आला की आणणाऱ्याला खुर्ची देतात. आधी चालू करून बघूया."

मावशी तडक बाहेर गेली. भंगारवाल्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "फुडच्या रविवारी ये."

काका मानेनं नाही नाही करत होते. तरी त्यांनी खोलीतून पान्हे काढले, ओट्याच्या कडेला बसून मला एकेक नट दाखवला आणि माझ्याकडून डिझेल फवारणारं नोझल काढून घेतलं. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून कारखान्यात नेलं. आमच्या फिटरनं जेवणाच्या सुट्टीत ते उघडून साफ केलं, दाब देऊन बघितलं. तोंडातून डिझेलचं बारीक धुकं सुटलं. "झकास आहे," तो म्हणाला. त्या आठवड्यात मी एका नव्या इंजिनाची किंमतही विचारून ठेवली. म्हणजे आता आमच्याकडे खालचा आकडा भंगाराचा होता आणि वरचा कोऱ्या मालाचा. मधली जागा इंजिनानं स्वतः भरायची होती.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनी इंजिन दोन जाड ओंडक्यांवर चढवून दिलं. थंड ठेवायला शेजारी पाण्याचं पिंप, त्यात सोडलेला पाइप. काकांना हँडल मारणं शक्यच नव्हतं. ते एका हातानं ओंडका धरून दाब सोडायच्या खटक्यापाशी बसले. हँडलला त्यांनी कधीतरी लांब पाइप बसवून ठेवला होता, त्यामुळे माझे आणि मावशीचे मिळून चारही हात त्यावर मावले.

"अंगठा गुंडाळू नका," काका म्हणाले. "उलटा झटका आला तर मनगट जाईल. मी खटका टाकला की सोडायचं नाही, जोर लावायचा."

आम्ही फिरवायला लागलो. जड चाक आधी हलेना, मग हललं, मग आम्हालाच ओढायला लागलं. काकांनी खटका टाकला. इंजिनानं एक ढेकर दिली आणि गप्प बसलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मावशीनं पदर कमरेला घट्ट खोवला. माझे खांदे भरून आले होते. अंगणाच्या कडेला बायका, पोरं, नळावरचे हंडे, सगळं थांबलं होतं. आम्ही कितीदा फिरवलं ते आठवत नाही. आठवतं ते हे की एकदा खटका पडला आणि हँडल आपोआप हातातून सुटलं.

आधी काळा धूर आला. मग धडधड सुरू झाली, ओंडके हलले, घराच्या पत्र्यावरची धूळ खाली पडली. मावशी हसत काहीतरी ओरडत होती, मला काहीच ऐकू येत नव्हतं. परतीच्या पाइपातून पाणी उसळून अंगणभर झालं. काकांनी इंजिनावर हात ठेवला होता. हात भाजत असणार, पण त्यांनी तो उचलला नाही.

भंगारवाला आला तो या आवाजातच. त्यानं भाव वाढवला. पाच मिनिटांनी आणखी वाढवला. मावशीनं त्याला पुन्हा चहा दिला.

आवाज खाडीपार गेला असावा किंवा कोणीतरी जाऊन सांगितलं असावं. दुपारी मनोरीहून दोन भाऊ आले. त्यांच्या बोटीचं इंजिन फुटलं होतं आणि ऐन हंगामात बोट बांधून पडली होती. थोरल्यानं इंजिन बंद करायला लावलं, पुन्हा चालू करायला लावलं, कान लावून ऐकलं.

"मावशी, जमिनीवर सगळी मशिनं चालतात," तो म्हणाला. "पाण्यात ओढलं तर खरं. आमच्या बोटीतलं मशीन याच जातीचं होतं, बैठक जुळेल. बसवून बघतो. ओढलं तर भाव बोलू, नाहीतर आणून ठेवतो."

काका म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय."

चार जणांनी बांबूला दोर बांधून इंजिन उचललं तेव्हा मावशी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत चालत गेली.

चाचणीच्या दिवशी मी ऑफिसला रजा टाकली. सकाळची ओहोटी लागली होती. काकांना दोघांनी धरून बोटीत उतरवलं. त्यांच्यामागून मावशीनं पाय टाकला तसा धाकटा भाऊ म्हणाला, "मावशी, बायका नाही चढत आमच्या बोटीवर."

मावशीचा एक पाय धक्क्यावर, एक बोटीच्या कडेवर. ती तशीच उभी राहिली.

"मशीन अजून माझा आसा," ती म्हणाली. "ता ओढता की नाय, ता मी माझ्या कानान ऐकतलंय. माका घेवचा नसात तर मशीन भायर काढा."

थोरला हसला आणि त्यानं तिला हात दिला. मग मलाही दिला. एवढी वर्षं काकांच्या बोटीची मासळी मावशीनं बाजारात विकली होती, जाळी विणली होती, डिझेलचे डबे डोक्यावरून वाहिले होते. पण चालत्या बोटीत ती कधी बसली नव्हती. तिनं फळीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

निघताना ओहोटी आमच्याच बाजूनं होती, बोट सहज गेली. खाडीच्या तोंडाशी थोरल्यानं बोट वळवली. आता खाडीचं सगळं पाणी आमच्यावर चालून येत होतं. काकांनी हळूहळू रेस वाढवली. बोट एका जागी थरथरत राहिली, नाक उचललं, आणि किनाऱ्यावरचं एक माडाचं झाड मागे सरकलं. मग दुसरं. मार्वेहून मनोरीला जाणारी फेरीबोट आडवी येत होती. तिच्यातली माणसं आमच्याकडे बघून हात करायला लागली. माझ्या तोंडावर खारं पाणी उडत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

धाकट्यानं मागे बोट दाखवलं. "निळा धूर आहे. ऑइल खातंय."

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता ती ऑइल खात नाही म्हणेल.

"खाता," ती म्हणाली. "म्हणान तर नव्याचो भाव सांगणंय नाय."

थोरल्यानं आपला आकडा सांगितला. भंगाराच्या कितीतरी वर होता, पण आम्ही मनाशी धरलेल्या मधल्या आकड्याच्या खाली. काकांनी होकाराची मान हलवायला सुरुवात केली होती. मावशी तिकडे न बघता म्हणाली, "तेच्यातले निम्मे आज देवा. उरलेले नको. पावस लागासर मशीनचो वाटो माका देवा. जो काय मेळात तो."

बोटीच्या कमाईत माणसांचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, मशीनचाही असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विकलेल्या मशीनचा वाटा मागितलेला मात्र कोणी ऐकला नव्हता. धाकटा म्हणाला, "आणि मासळी नाही लागली तर?"

"तर माझा नुकसान. पण मशीन बंद पडला तर माझो घरवालो येवन दुरुस्त करतलो. फुकट. तुमी खंय शोधतालात मेकॅनिक?"

इंजिन धडधडत होतं. काका मावशीकडे असे बघत होते की जणू ही बाई त्यांना आजच भेटली. थोरल्यानं शेवटी सुकाणूवरचा एक हात सोडून पुढे केला आणि मावशीनं तो धरला.

हंगाम बरा गेला. काही आठवडे वाट्याला डिझेल वजा जाता काहीच उरलं नाही, आणि एकदा कोळंबी अशी लागली की मावशीनं मला टोपलीभर मुलुंडला पाठवली; आमच्या चाळीत दोन दिवस सगळ्यांकडे तोच वास होता. पाऊस लागेपर्यंत, आधीचे निम्मे धरून, मावशीच्या हाती थोरल्याच्या आकड्याहून थोडं जास्तच आलं. काका तीनचारदा मनोरीला जाऊन आले. पुढे तिथल्या दुसऱ्या बोटवाल्यांनीही त्यांना बोलवायला सुरुवात केली. ते बसून सांगायचे, पान्हा दुसरे फिरवायचे.

पण त्या सकाळी हातावर हात पडल्यानंतर लगेच कोणी परत वळलं नाही. मावशी म्हणाली, "जरा भायर जावया." थोरल्यानं बोट समुद्राकडे फिरवली. बाहेर लाटा लांब आणि संथ होत्या. मावशीनं फळीवरचे हात सोडले, उभी राहिली, माझ्या खांद्याला धरलं आणि किनाऱ्याकडे वळून बघितलं.

"आपला घर खंय दिसता?" तिनं विचारलं.

काकांनी हात लांब केला. आम्हाला नुसते माड दिसत होते. ती बराच वेळ बघत राहिली, आणि काका तिला खुणा सांगत राहिले.